छबूने दाखवलेला साप

ता. ४ सप्टेंबर १९४४, सोमवार

शाळेकडे हजेरीची एक वही जास्तीची आली होती, तिच्यात लिहितो आहे. ट्रेनिंगला असताना दैनंदिनी सक्तीने लिहावी लागे. आज कोणी सांगितलेले नाही. घरात बोलणे होत नाही म्हणून लिहितो.

मच्छिंद्रला जाऊन चाळीस दिवस झाले. धाकटा, सहा वर्षांचा होता. पहिलीत घातला होता.

त्या रात्रीचे एकदा नीट लिहून ठेवतो. नागपंचमी होती. आदल्या दिवशी छबूने भावाचा उपवास धरला होता. ती अकरा वर्षांची आहे, माझ्याच शाळेत चौथीत. पंचमीला चिरायचे नाही, तळायचे नाही, म्हणून तिच्या आईने, राहीने, पुरणाची दिंडे उकडली होती. मच्छिंद्रने चार खाल्ली. पाऊस असल्याने चौघेही आतल्या खोलीत जमिनीवर झोपलो. मध्यरात्री केव्हातरी छबूने हाक मारली, "आप्पा, साप." तिने कंदिलाची वात मोठी केली होती. मी पडल्यापडल्याच विचारले, कसा आहे. काळा, पांढऱ्या पट्ट्यांचा, असे ती म्हणाली. मी म्हणालो, कवड्या आहे, काही करत नाही, झोप. मी उठून पाहिले नाही. राही उठली, तिला शेपटीकडचा भागच दिसला, आणि पंचमीच्या दिवशी नागोबा घरात आला म्हणून तिने हात जोडले. काठी कोणी घेतली नाही. साप कणगीमागे गेला.

पहाटे मच्छिंद्रचे पोट दुखू लागले. मी अजीर्ण समजून ओवा आणि ऊन पाणी दिले. शेजारचा गोरक्षनाथ सापाची औषधे देतो. तो येऊन मुलाच्या पापण्या पाहून म्हणाला, मण्यार हाय मास्तर. मी त्याला बोललो की गावात अडाणीपणा पसरवू नका. अंगावर दाताची खूण कुठेही नव्हती. दहा वाजता त्याला डोळे उघडता येईनात, तेव्हा गाडी जुंपली. जामखेडचा दवाखाना पाच मैल. अर्ध्या वाटेत गेला.

चौथीला सापांचा पाठ मी दरवर्षी घेतो. पट्ट्यांचा कवड्या घरात शिरून पाली खातो, त्याला विष नसते, मारू नये. दहा वर्षे हेच शिकवले आहे.

राही त्या दिवसापासून माझ्याशी बोलत नाही. भांडत नाही, रडत नाही. जे सांगायचे ते छबूकडून सांगते. आप्पांना म्हणावं पानी तापलंय. आप्पांना म्हणावं भाकरी झाली. मी समोर बसलेला असतो. छबू दोन्हीकडचे निरोप ऐकते आणि नेते.

ता. ११ सप्टेंबर

सहादेवचे पत्र आले. हा राहीचा धाकटा भाऊ, नगरजवळ भिंगारला लष्करी डेपोत सिव्हिलियन कारकून आहे. भाऊबीजेला सगळ्यांनी यावे, घरी बसून किती दिवस काढणार, असे लिहितो. पुढे असेही लिहिले आहे की भिंगारला एका पेन्शनर लष्करी दाक्तराने मोठी सापबाग केली आहे. साप, अजगर, घोरपडी, एक मगरसुद्धा. ब्रह्मदेशात जाणाऱ्या शिपायांना साप ओळखता यावेत म्हणून डेपोतून तुकड्या पाहायला नेतात. रविवारी चिठ्ठी असेल तर बायकापोरांनाही सोडतात. तुमच्यासारख्या शिक्षकाने पाहावी अशी आहे, असे त्याने लिहिले आहे. लिहिताना त्याच्या ध्यानात आले नसावे. सहादेव तसा भोळा आहे.

पत्र राहीला वाचून दाखवताना तेवढा भाग गाळला.

ता. १३ सप्टेंबर

दोन दिवस तेच डोक्यात आहे. तिथे कवड्याही असेल आणि मण्यारही असेल. छबूने साप कंदिलाच्या उजेडात पाहिला आहे. तिने दोन्ही समोर ठेवून सांगितले तर कायमचे ठरेल. मी तिला घरी तीनदा विचारले आहे. ती आईकडे बघते आणि आठवत न्हाई म्हणते. प्रत्यक्ष पाहिल्यावर आठवेल.

सहादेवला कार्ड टाकले. दोन्ही जातींचे साप बागेत आहेत का, नक्की पाहून कळवणे.

ता. २५ सप्टेंबर

सहादेवचे उत्तर. दोन्ही आहेत, शेजारशेजारच्या पेट्यांत आहेत. २२ ऑक्टोबरच्या रविवारची चिठ्ठी मिळेल. दाजी, जग भिंगारला येऊन सिनेमा बघतं आणि तुम्ही साप मागता, असा विनोद केला आहे. खाली वेगळ्या शाईने लिहिले आहे, अक्काला विचारलं का?

विचारले नव्हते. संध्याकाळी छबूकरवी सांगितले की दिवाळीच्या सुटीत भिंगारला जाऊ, आणि तिथे सापबाग आहे तीही पाहू. राही चुलीपुढे होती. तिचे उत्तर मला ऐकू आले होते, तरी छबूने ते आणून दिले. "आई म्हनती, ती मामाकडं येईल. सापाकडं न्हाई."

ता. ८ ऑक्टोबर, रविवार

जाण्याची तयारी काही फार नाही. जामखेडहून नगरला सर्व्हिस मोटार आहे, पण पेट्रोल मिळत नसल्याने कोळशाच्या गॅसवर चालते आणि भरवसा नसतो. म्हणून एक दिवस आधीच निघायचे. सहादेवला शिधा पुरत नसणार, म्हणून घरची ज्वारी आणि थोडी तूरडाळ न्यायची. निजामाच्या हद्दीतून जावे लागते, तेव्हा नाक्यावर अडचण नको म्हणून पाटलांकडून दाखला घेतला.

गोरक्षनाथ पारावर भेटला. त्याला कुठून तरी कळले होते. त्या दिवशी मी त्याला तसे बोललो, तरी तो अजून बसायला जागा करून देतो. म्हणाला, "मास्तर, बगून काय करनार? पोर तर परत यायचं न्हाई."

मी म्हणालो, खरे काय ते कळले पाहिजे.

"मग तुमी एकलं जावा की. पोरीला कशाला नेता?"

साप तिने पाहिला, मी नाही, हे त्याला कसे सांगू. घरी येताना मनात आले की मण्यार निघाली तर? तर तेही सोसले पाहिजे. पण तसे होणार नाही असे मला वाटते. मच्छिंद्र गेला त्या आठवड्यात जामखेडकडे पटकीच्या दोन केसी झाल्या होत्या.

ता. १७ ऑक्टोबर

लक्ष्मीपूजन. घरात तळण नाही, पणत्या नाहीत. रिवाजाप्रमाणे चार घरांतून फराळ आला. राहीने डबे तसेच ठेवले. छबू परसात जाऊन करंजी खात होती. मला पाहून तिने हात मागे नेला. मी न पाहिल्यासारखे करून आत आलो.

ता. १८ ऑक्टोबर, भिंगार

मोटार कड्याच्या चढाला थांबली. सगळे उतरून चाललो. क्लीनर मागच्या भट्टीत कोळसा ढोसत होता आणि उतारू त्याची थट्टा करत होते. एक म्हातारी म्हणाली, बाबा, त्यापरीस भाकरी भाज, निदान पोट तरी भरंल.

त्याआधी आष्टीच्या नाक्यावर करोडगिरीच्या शिपायाने बोचकी सोडायला लावली. राहीच्या गाठोड्यातून मच्छिंद्रचा सदरा निघाला. पंचमीसाठी शिवला होता, पण शिंप्याने दुसऱ्या दिवशी आणून दिला. ती तो सहादेवच्या मुलाला देणार होती, हे मला माहीत नव्हते. शिपाई घडी उलटून म्हणाला, कोरा कपडा आहे, यावर जकात बसेल. राही म्हणाली, जुना हाय. तो म्हणाला, बाई, कांजी तशीच आहे. ती पुन्हा तेच म्हणाली. छबू रडू लागली तेव्हा त्याने सदरा परत आत घातला आणि गाठ स्वतःच बांधून दिली.

ता. १९ ऑक्टोबर, भाऊबीज

राहीने सहादेवला ओवाळले. त्याची बायको बनुबाई छबूला म्हणाली, तू आमच्या बाळ्याला ओवाळ, तोही भाऊच. छबू पाटापर्यंत गेली आणि परत आली. मग बनुबाई म्हणाली, भाऊ नसला की चंद्राला ओवाळतात, रात्री चल माझ्याबरोबर. मनाने चांगली बाई आहे.

दुपारी तिने मला येऊन विचारले, "आप्पा, कवड्या निघाला तर आई तुमच्याशी बोलंल का?"

मी म्हणालो, तसे काही नाही, खरे समजावे म्हणून जायचे. ती म्हणाली, बरं.

ता. २२ ऑक्टोबर, रविवार

सगळे सविस्तर लिहितो.

सकाळी निघताना राही चप्पल घालून दारात उभी होती. येणार नाही म्हणाली होती, पण आली. छबूचा हात तिने धरला होता. सहादेव पुढे.

सापबाग कॅम्पाच्या टोकाला आहे. दगडी कुंपण, आत कडुनिंबाची झाडे. मगरीसाठी हौद आहे, त्यावर जाळी. मगर पाचएक हात लांब, हलली नाही. सहादेव म्हणाला, ही आमच्या हेडक्लार्कसारखीच आहे, दिवसभर डोळे उघडे आणि काम शून्य. एरवी छबू हसली असती. अजगर, घोरपडी, कासवे पाहिली. नागासाठी कठड्याचे मोठे आळे केले आहे. गोरे शिपाई त्यावर वाकून बोलत होते. राही तिथे थांबली नाही. तिने हातही जोडले नाहीत.

बाग दाखवणारा बाबाजान म्हणून साठीचा माणूस आहे. उजव्या हाताचे एक बोट नाही. दाक्तरसाहेबांबरोबर वीस वर्षे आहे. मी त्याला बाजूला घेऊन आमचे कारण सांगितले. त्याने छबूकडे पाहिले आणि मला म्हणाला, "गुरुजी, ल्हान हाय ती. जबरदस्ती करू नका."

पेट्या पडवीत ओळीने मांडल्या आहेत. पुढे काच, मागे लाकूड. छबू पेरू खात पुढे चालली होती. एका पेटीपुढे ती थांबली. तिचे चावणे थांबले. मागे हात करून तिने राहीचा पदर पकडला आणि मुठीत घट्ट गुंडाळला. पेटीतला साप काळाभोर होता आणि त्याच क्षणी सरकला, त्यामुळे ती दचकली असावी. राहीही वाकून बघत होती, सापाकडे नाही, छबूच्या तोंडाकडे.

मग बाबाजान आला आणि त्याने काठीने दाखवून सांगितले. ही, जिच्यापुढे छबू उभी होती ती, मण्यार. मानेपासून वीतभर कोरी काळी, मग पांढऱ्या रेघा जोडीजोडीने, थेट शेपटीपर्यंत. पलीकडच्या पेटीतला कवड्या. त्याचे पट्टे मानेपासूनच सुरू होतात आणि शेपटीकडे विरून जातात. मण्यारीचा दात इतका बारीक की झोपलेल्याला कळतही नाही. मी विचारले, रात्री कंदिलाच्या उजेडात ओळखता येईल का? तो म्हणाला, "मला बी यायचं न्हाई, गुरुजी. आमी दोगांस्नी बी लांबनंच सलाम करतो."

मी छबूला म्हणालो, भिऊ नको, नीट बघ आणि सांग.

तिने आधी माझ्याकडे पाहिले, मग आईकडे. पदर सोडून ती दोन पावले पलीकडे गेली आणि कवड्याच्या काचेवर बोट ठेवले.

"ह्यो. ह्योच हुता."

नक्की का, असे मी विचारले. ती म्हणाली, नक्की. मानंपासनं पट्टं हुतं.

बाबाजान काच पुसू लागला. राही छबूकडे बराच वेळ बघत राहिली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "चला आता. ऊन झालंय. तुमी सकाळपासनं कायी खाल्लं न्हाई."

तीन महिन्यांत पहिल्यांदा ती माझ्याशी बोलली. मी हो म्हणालो.

म्हणजे पटकीच. किंवा दुसरे काही पोटाचे. मुलगा तर गेलाच, त्यात फरक नाही. पण मी त्या रात्री चुकलो नव्हतो.

ता. २७ ऑक्टोबर

घरी आलो. राही बोलते. मोजकेच, पण मला बोलते. आज म्हणाली, धोतराला ठिगळ लावते, काढून ठेवा. मी काढून ठेवले.

छबूला प्रवास बाधलेला दिसतो. जेवत नाही. संध्याकाळी अंथरूण घालताना प्रत्येक गोधडी दारात नेऊन झटकते, कणगीमागे काठी फिरवते, मग झोपते. मी तिला म्हणालो, अगं, तो कवड्याच होता ना, मग भीती कशाला? ती म्हणाली, सवय लागली.

ता. २ नोव्हेंबर

सुटी संपायला तीन दिवस राहिले. पाठांचे टाचण काढले. छबू शेजारी बसून बोरू तासत होती. तिने विचारले, यंदा सापाचा पाठ घ्यायचा का. मी म्हणालो, घेणार, आणि आधीपेक्षा चांगला घेणार, आता मी दोन्ही पाहून आलो आहे. तिने थोड्या वेळाने पुन्हा विचारले, न्हाई घेतला तर चालंल का. मला तिची कीव आली. मी म्हणालो, तुला त्या तासाला घरी जाऊ देईन. ती म्हणाली, मी न्हाई म्हनून काय हुतंय, बाकीची पोरं तर हायत.

तिला काय म्हणायचे होते ते नीट कळले नाही.

ता. ६ नोव्हेंबर, सोमवार

शाळा सुरू झाली. चौथीत एकोणीस मुले, पैकी चार मुली. सापांचा पाठ दुपारी घेतला. फळ्यावर दोन साप काढले, बाबाजानने सांगितलेला फरक समजावला. मुले लक्ष देऊन ऐकत होती. छबूला मी घरी जाण्याबद्दल विचारले होते. ती गेली नाही.

भागू म्हणून सुताराची मुलगी आहे, तिने विचारले, गुरुजी, अंधारात मान कुठली आन शेपूट कुठलं कसं दिसायचं?

मी म्हणालो, घरात शिरतो तो बहुतेक कवड्याच असतो, म्हणून उगाच घाबरायचे नाही. आमच्या घरी आला होता तोही कवड्याच होता. मी भिंगारला जाऊन खात्री करून घेतली आहे.

छबू उभी राहिली.

"न्हाई, गुरुजी."

शाळेत ती मला गुरुजीच म्हणते. मी तिला बस म्हणालो. ती बसली नाही.

"आमच्या घरी आल्ती ती मण्यार हुती. भिंगारला मी खोटं दाखवलं."

मी पुन्हा म्हणालो, छबू, खाली बस. तिचा आवाज चढला नाही, पण ती थांबलीही नाही.

"तुमी सांगितलं की ही झोपून ऱ्हात्याल. भागूच्या घरात आली तर भागू झोपंल."

खडू माझ्या हातातच होता. त्या पेटीपुढे तिने पदर मुठीत धरला होता, हे मी माझ्या हाताने या वहीत लिहिले आहे. लिहिले आणि वाचले नाही.

मग फळ्यावरचे मी काढलेले दोन्ही साप पुसले. तिला पुढे बोलावून म्हणालो, तू पाहिलास तसा काढ. तिने काढला. वीतभर कोरा, मग जोडीच्या रेघा. हात पोचत नव्हता म्हणून शेपूट फळ्याच्या खालच्या चौकटीवर आले. मी मुलांना सांगितले, मी दहा वर्षे तुम्हाला आणि तुमच्या भावंडांना चुकीचे शिकवले. पट्टे दिसले तर कोणता आहे हे ठरवत बसायचे नाही. घरातल्या सगळ्यांना उठवायचे, एकेक अंथरूण पाहायचे. पोटात दुखले, डोळे मिटू लागले, तर खूण शोधत बसायचे नाही, लगेच गाडी जुंपायची. हे तीनदा म्हणून घेतले. मग शाळा लवकर सोडली.

गोरक्षनाथकडे गेलो. तुम्ही बरोबर होता, असे त्याला सांगितले. तो म्हणाला, बसा मास्तर. थोडा वेळ बसलो.

घरी आलो तेव्हा राही भाकरी थापत होती. मी चुलीपाशी बसलो आणि तिला म्हणालो, साप मण्यारच होता. छबूने आज वर्गात सांगितले.

ती म्हणाली, "मला ठावं हाय. ती त्या काचेपुढं उबी ऱ्हायली तवाच कळलं."

"मग माझ्याशी बोललीस कशी?"

तिने भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवले.

"तेवढ्यासाठी पोर खोटं बोलली. मग काय तोंड बंद ठिवू?" मग खाली बघत म्हणाली, "तुमी उठला न्हाईत. पर मी तर उठून उबी हुते. मी बी मच्छूचं अंथरून बगितलं न्हाई."

तव्यावरची भाकरी फुगून बसली तरी तिने उलटली नाही.

छबू दारात केव्हा येऊन उभी राहिली ते आम्हाला दोघांनाही कळले नाही. तिने दप्तर काखेतून उतरवले नव्हते.

"आता तुमी दोगं परत बोलायचं बंद करनार का?" तिने विचारले.

राहीने माझ्याकडे पाहिले. मी छबूचे दप्तर काढून घेतले.

"न्हाई," राही म्हणाली. "हात धू. जेवाय बस. तुमी बी बसा."